स्नूपीचा बाप घरी कसा होता? (चार्ल्स शुल्झ, त्यांची आई, लाल केसांची मुलगी आणि बाकी बरंच)

दौत_टाक :

गेले दोन-तीन आठवडे रात्री जेवणं उरकली की पीनट्स या अमेरिकन कॉमिक स्ट्रिपचे जुने खंड घेऊन बसतोय. चार्ली ब्राऊन, स्नूपी, ल्यूसी, लायनस ही मंडळी लहानपणी इंग्रजी पेपरात शेवटून दुसऱ्या पानावर भेटायची, तेव्हा अर्धं कळायचं नाही, कुत्रा घराच्या छपरावर झोपतो एवढंच आवडायचं. आता पन्नाशीला आल्यावर परत वाचतोय तर काही काही ठिकाणी पुस्तक मिटून गप्प बसावं लागतंय. म्हणून हे सगळं काढणारा माणूस होता कसा ते शोधत गेलो, आणि जे सापडलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना म्हणून धागा काढतोय. लांबेल, आधीच सांगतो.

चार्ल्स शुल्झ, जन्म २६ नोव्हेंबर १९२२, मिनियापोलिस, वाढले शेजारच्या सेंट पॉलमध्ये. जन्मून दोनच दिवस झाले होते तेव्हा एका काकांनी त्यांचं नाव 'स्पार्की' ठेवलं, तेव्हाच्या एका गाजलेल्या कॉमिक स्ट्रिपमधल्या स्पार्क प्लग नावाच्या घोड्यावरून, आणि मरेपर्यंत घरचे, मित्र सगळे स्पार्कीच म्हणायचे. वडील कार्ल, जर्मनीत जन्मलेले, न्हाव्याचं दुकान. आई डेना, नॉर्वेजियन घरातली. एकुलता एक पोरगा. बापलेकाचं एक वेड म्हणजे रविवारच्या पेपरातली रंगीत चित्रपानं, गावातले दोन पेपर यायचेच, शिवाय शनिवारी रात्री औषधांच्या दुकानात जाऊन मिनियापोलिसचे दोन आणायचे, असे चार पेपर घेऊन दोघं बसायचे. घरात स्पाईक नावाचा काळापांढरा कुत्रा होता, टाचण्या-ब्लेड वाट्टेल ते खायचा, त्याचं चित्र या पोराने 'बिलिव्ह इट ऑर नॉट' या पेपरातल्या नवलाईच्या सदराला पाठवलं आणि १९३७ साली ते छापून आलं. पहिलं छापलेलं चित्र ते. शाळेच्या वार्षिक अंकाला दिलेली चित्रं मात्र छापलीच नाहीत, आणि ते त्यांनी आयुष्यभर मनात ठेवलं.

आता ज्याच्यासाठी धागा काढला ते. आईला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झाला. घरात त्या आजाराचं नाव कुणी घेत नसे, पोराला काय झालंय ते फार उशिरा कळलं. तो वीस वर्षांचा, सैन्यात भरतीचा हुकूम आलेला. फेब्रुवारी १९४३, शनिवार-रविवारच्या सुट्टीला घरी आला, परत जायची वेळ झाली, आईच्या खोलीत गेला. ती अंथरुणाला खिळलेली. ती म्हणाली की आता निरोप घेऊया, कारण आपली बहुतेक परत गाठ पडायची नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली. तिला पोचवून काही दिवसांतच हा आगगाडीत बसून केंटकीच्या छावणीत.

त्याच आजारपणात केव्हातरी ती म्हणाली होती की परत कुत्रा पाळला तर त्याचं नाव 'स्नुपी' ठेवायचं, नॉर्वेजियनमधला लाडाचा शब्द. सात वर्षांनी स्ट्रिपमधल्या कुत्र्याला नाव हवं होतं, 'स्निफी' ठरवलेलं पण ते दुसऱ्या कुणीतरी आधीच वापरलेलं निघालं, तेव्हा आईचं बोलणं आठवलं.

म्हणजे जगभर पोरं जे नाव घेऊन उशीला मिठी मारून झोपतात ते त्या खोलीतून आलंय. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

बाकीचं पुढे लिहितो, तुम्ही कुणी वाचत असाल तर बोला.

खारीबिस्किट :

वाचतोय हो दौतकाका, लिहा पुढे. आईचं वाचून पोटात कालवलं. आमच्या आजीच्या वेळीही घरात असंच होतं, मोठी माणसं दारात उभी राहून खालच्या आवाजात बोलायची आणि आम्हाला 'जा बाहेर खेळा'.

लाल केसांच्या मुलीचं नीट सांगा. ती खरी होती असं ऐकलंय.

दौत_टाक :

होती खरी. युद्धावरून आल्यावर शुल्झ मिनियापोलिसच्या एका पोस्टाने चित्रकला शिकवणाऱ्या संस्थेत नोकरीला लागले. त्यांनी स्वतः तिथूनच कोर्स केला होता, आणि गंमत म्हणजे लहान मुलांची चित्रं काढायच्या धड्यात त्यांना सी प्लस मिळाला होता. आता ते विद्यार्थ्यांनी पाठवलेले धडे तपासायचे. ऑफिसात चार्ली ब्राऊन नावाचा खराखुरा सहकारी होता, लायनस नावाचा होता, फ्रीडा होती, नावं सगळी तिथलीच. आणि हिशेब खात्यात डोना जॉन्सन, लाल केसांची. दोघं फिरायला जायचे, स्केटिंगला जायचे. १९५० च्या जूनमध्ये हे न्यूयॉर्कला जाऊन सिंडिकेटचा, म्हणजे पेपरांना स्ट्रिपा पुरवणाऱ्या कंपनीचा, करार घेऊन आले आणि मागणी घातली. ती नाही म्हणाली. तिला दुसराही एक जण विचारत होता, पुढे अग्निशमन दलात काम करणारा, तिने त्याला निवडला. २ ऑक्टोबर १९५० ला पीनट्स सात पेपरांत सुरू झाली आणि त्याच महिन्यात तिचं लग्न झालं. तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा फक्त. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते हातात आलं आणि ज्या माणसाला ते दाखवायचं होतं ते माणूस गेलं.

स्ट्रिपमध्ये ती १९६१ मध्ये आली, म्हणजे आली असंही नाही, चार्ली ब्राऊन डबा खायच्या वेळी बाकावर बसून तिच्याकडे बघतो, आपल्याला ती कधी दिसत नाही. पेपरातल्या स्ट्रिपमध्ये शेवटपर्यंत नाही. १९९८ साली एकदाच, स्नूपीबरोबर नाचताना नुसती काळी सावली. डोनाच्या नकारानंतर ४८ वर्षांनी. तिचा चेहरा आपण काढू शकत नाही असं ते म्हणायचे, आणि ज्याने चार रेघांत कुत्र्याच्या चेहऱ्यावर दुःख आणलं त्याला चेहरा काढता येत नव्हता असं मला तरी वाटत नाही.

डोनाबाई २०१६ मध्ये गेल्या, नवऱ्याबरोबर संसार छान झाला, शुल्झ यांच्याशी अधूनमधून बोलणंही असे.

कृष्णाकाठचा :

मी इथं फक्त वाचतो, लिहीत नाही. पण 'न्हाव्याचं दुकान' वाचलं आणि थांबलो. माझ्या वडलांचं सलून आहे, कऱ्हाडजवळ, यष्टी स्टँडच्या मागच्या अंगाला. दोन खुर्च्या. मी तिथंच वाढलो. शाळा सुटली की दुकानात, झाडून केस गोळा करायचे, तुरटीचा खडा धुवून ठेवायचा, आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला पेपर सगळ्यांचा वाचून झाला की मला. चित्रकोडी, हास्यचित्रं मी कात्रीने कापून ठेवायचो, दुकानात कात्र्यांना काय तोटा. शाळेत एका मुलाने सगळ्यांसमोर 'तुझा बाप हजाम' म्हटलेलं अजून कानात आहे, आणि त्या दिवशी मी दुकानात गेलो नाही ते पण लक्षात आहे. वडलांनी विचारलं नाही का आला नाहीस.

या शुल्झचे वडील कसे होते, अजून काय माहिती असेल तर लिहा. दुकान केवढं होतं?

दौत_टाक :

कृष्णाकाठचे दादा, लिहिलंत ते फार बरं केलंत. तुमच्यासाठी दोन गोष्टी आहेत.

दुकान सेंट पॉलमध्ये, स्नेलिंग आणि सेल्बी या रस्त्यांच्या कोपऱ्यावर. तीन खुर्च्या. पोरगा संध्याकाळी दुकानात जाऊन बाकावर बसायचा, बंद झालं की दोघं मिळून घरी. पहिली गोष्ट अशी की वडील त्याचे केस कापत असायचे आणि मधेच गिऱ्हाईक आलं की याला खुर्चीवरून उठवून बाकावर बसवायचे, अर्धे केस कापलेले, अर्धे तसेच, सगळ्यांदेखत. त्याची लाज त्यांना म्हातारपणीसुद्धा आठवायची. मंदीचे दिवस होते, गिऱ्हाईक घालवून चालणार नव्हतं, ते कळायचं पण लाज वाटायची ती वाटायचीच.

दुसरी गोष्ट. चार्ली ब्राऊनचे वडील पण न्हावीच आहेत. एक रविवारची स्ट्रिप आहे, फादर्स डेची. व्हायोलेट नावाची पोरगी आपल्या बापाच्या श्रीमंतीच्या बढाया मारत असते. चार्ली ब्राऊन तिला घेऊन दुकानापाशी येतो, काचेतून दाखवतो, म्हणतो ते माझे बाबा, मी कधीही आत गेलो, कितीही गर्दी असली, तरी ते थांबून माझ्याकडे बघून हसतात, का माहितीये, कारण मी त्यांना आवडतो. व्हायोलेटची बढाई मग तिथेच थांबते.

अर्ध्या केसांनी बाकावर बसलेलं पोरगं आणि काचेतून बाप दाखवणारं पोरगं एकच आहे. वडील १९६६ मध्ये गेले, कॅलिफोर्नियात मुलाकडे आले होते, तिथेच.

कृष्णाकाठचा :

धन्यवाद. ती स्ट्रिप शोधतो.

रविवारपुरवणी :

उत्तम धागा. पण धागाकर्ते, आत्तापर्यंत आई, वडील, हुकलेलं प्रेम एवढंच आलंय. २००७ साली डेव्हिड मायकेलिस यांचं जाडजूड चरित्र आलं त्यातला माणूस याहून बराच अवघड आहे. पहिलं लग्न १९५१, जॉईस हॅल्व्हरसन, तिची आधीची एक मुलगी यांनी दत्तक घेतली, मग चार मुलं झाली, १९५८ ला कॅलिफोर्नियात सेबॅस्टोपोलला मोठी जागा घेऊन राहिले. संसार वीस वर्षं चालला आणि १९७२ ला घटस्फोट. त्याआधी १९७० मध्ये एका पंचविशीतल्या तरुणीशी संबंध होते, यांनी तिला पत्रं लिहिली, चित्रं काढून पाठवली. घरी फोनच्या बिलावरून उघडकीला आलं. आणि त्याच सुमारास पेपरात स्नूपी एका कुत्रीच्या प्रेमात पडलेला आणि चार्ली ब्राऊन त्याला लांबपल्ल्याचे फोन करू नकोस म्हणून ओरडतोय! घरातलं भांडण रोज लाखो लोक नाश्त्याच्या टेबलावर वाचत होते आणि कुणालाच माहीत नव्हतं. चरित्रकाराने या पट्ट्या घटनांशेजारी ठेवून दाखवल्या त्यात चूक काय? मुलांनी त्यावर खूप नाराजी दाखवली, मोठा मुलगा मॉन्टी जाहीरपणे म्हणाला की हे आमचे वडील नव्हेत, पण घरच्यांना असं वाटणारच.

आणि कॅल्व्हिन अँड हॉब्ज ही दुसरी गाजलेली स्ट्रिप काढणाऱ्या बिल वॉटरसनने त्या पुस्तकाचं परीक्षण लिहिलं ते चांगलं म्हणूनच. तो माणूस उगीच कुणाला चांगलं म्हणत नाही.

दौत_टाक :

पुरवणी, त्या प्रकरणाचं मी मुद्दाम टाळलं नव्हतं, पुढे येणारच होतं. स्पष्ट लिहितो. त्यांनी जे केलं ते बायकोशी चुकीचं केलं, त्याला कलाकार म्हणून सूट नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. चरित्रात स्ट्रिप पुरावा म्हणून येते, वकील कागद पुढे करतो तशी, ही बघा तारीख, हा बघा फोन, सिद्ध झालं. १७,८९७ स्ट्रिपा आहेत राव. सगळ्या एका हाताच्या. पन्नास वर्षं रोज एक. त्यातून कुठलाही माणूस सिद्ध करता येईल. उदास पाहिजे उदास घ्या, दुष्ट पाहिजे दुष्ट घ्या. दोनशे पट्ट्या निवडल्या की माणूस तयार. उरलेल्या जवळजवळ सतरा हजार सातशेंमध्ये जो आहे त्याचं काय?

त्यांनी लपवलं नाही काही असं मला वाटतं. दुसऱ्याच्या नावावर सांगितलं, कुत्र्याच्या, पोरांच्या. ज्याला कळायचं त्याला कळावं म्हणून. आपल्याकडे बायका जात्यावर बसून सासरचं सगळं ओवीत सांगायच्या, आणि ती ओवी घेऊन कुणी त्यांच्या सासूला विचारायला जात नसे की तू हिला खरंच छळलंस का.

अबोली :

जात्यावरची ओवी म्हणालात म्हणून लिहिते, कारण त्या ओवीतल्या बाईची बाजू कुणीतरी सांगायला हवी ना. इथे आत्तापर्यंत सगळं त्यांच्या दुःखाबद्दल आहे. जॉईसबद्दल एका वाक्यात 'संसार वीस वर्षं चालला'. चालवला कुणी? पाच मुलं, आणि हा माणूस सकाळी स्टुडिओत जाऊन बसणार, संध्याकाळी डोक्यात उद्याची स्ट्रिप. सेबॅस्टोपोलच्या त्या अठ्ठावीस एकरांत घोड्यांचे तबेले, टेनिस कोर्ट, सगळं बांधकाम तिने उभं राहून करून घेतलं. गावात बर्फाचं स्केटिंग मैदान नव्हतं, जुनं बंद पडलं, तर सांता रोझाला नवीन बांधायचं डोक्यात घेतलं आणि कंत्राटदारांच्या मागे लागून १९६९ ला उघडलंसुद्धा. तेच मैदान पुढे त्यांचं दुसरं घर झालं, तिथेच त्यांना दुसरी बायको भेटली. आणि जॉईसच्या वाट्याला काय आलं, तर जगभरचे लोक म्हणतात ती म्हणजे ल्यूसी, कजाग, सारखी ओरडणारी.

वास्तविक ल्यूसीची किरकिर त्यांनी मोठ्या मुलीवरून घेतली होती, लहानपणी तिला ते तसंच चिडवायचे. पण बायको कजाग ठरवणं लोकांना सोपं जातं.

मला स्ट्रिप आवडते, लहानपणापासून. पण ल्यूसी लाथ मारायला धरलेला बॉल दर वर्षी ऐनवेळी काढून घेते आणि चार्ली ब्राऊन पाठीवर आपटतो, तेव्हा मला हल्ली ल्यूसीकडे बघावंसं वाटतं. चारी चौकटींत ती तिथेच बसलेली असते, बॉल धरून.

दौत_टाक :

अबोलीताई, हे मी लिहायला हवं होतं आणि लिहिलं नाही. पटलं.

समईची_वात :

मी समुपदेशनाचं काम करते, पण गेलेल्या माणसाला लांबून नाव चिकटवणार नाही, ते करूही नये. फक्त जे त्यांनी स्वतः मुलाखतींत वारंवार सांगितलंय तेवढंच. त्यांना घर सोडायची धास्ती वाटायची. प्रवासाचं ठरवायचं, निमंत्रण स्वीकारायचं, आणि दिवस जवळ आला की छातीत दडपण. विमानतळापर्यंत जाऊन परत आलेत. हॉटेलच्या खोलीत एकटं राहणं नको वाटायचं. सकाळी उठलं की अंत्ययात्रेला जायचंय असं मन असतं, असं सांगायचे. पाच सेंटला सल्ला देणारा ल्यूसीचा तो खोका काढणारा हा माणूस स्वतः मात्र डॉक्टरकडे गेला नाही, कारण बरं झालो तर चित्र काढायची शक्ती जाईल अशी भीती. आनंदात हसण्यासारखं काही नसतं असं त्यांचं मत होतं.

माझ्याकडे येणाऱ्यांत असं म्हणणारे खूप असतात, की हे दुखणं गेलं तर मी उरणार कोण. त्यांना मी यांचं उदाहरण कधी देत नाही, कारण ते त्याचा अर्थ 'मग असू दे दुखणं' असा घेतील. त्यांच्याकडे रोज सकाळी बसायला एक टेबल होतं, ते सगळ्यांकडे नसतं.

आणि १९४३ ची ती खोली. वीस वर्षांचं पोर घरातून बाहेर पडलं आणि मागे घरच राहिलं नाही. त्यानंतर घर सोडताना ज्याचे पाय जड होतात त्याच्याबद्दल अजून काय सांगायचं.

खारीबिस्किट :

समई, शेवटच्या ओळींना दंडवत. वाचनखूण साठवली.

युद्धात काय केलं यांनी? बंदूक घेऊन हा माणूस डोळ्यांसमोरच येत नाही.

दौत_टाक :

२० व्या आर्मर्ड डिव्हिजनमध्ये होते, मशीनगनच्या तुकडीचे म्होरके, स्टाफ सार्जंट. युरोपात युद्ध संपत आलेलं असताना पोचले. एकदा जर्मन सैनिक समोर आला आणि यांच्या मशीनगनमध्ये गोळ्याच भरलेल्या नव्हत्या, विसरलेले, सुदैवाने तो शरण आला. दुसऱ्यांदा एका ठिकाणी ग्रेनेड टाकायचा होता, तेवढ्यात एक छोटं कुत्रं आत शिरलं, यांनी टाकलाच नाही. हे ते स्वतः सांगायचे.

निवडुंगाचे_फूल :

नमस्कार मंडळी, मी सांता रोझापासून पाऊण तासावर राहते, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. धागा सकाळी वाचला आणि दुपारी गाडी काढून इथल्या शुल्झ म्युझियमला जाऊन आले, म्हणून डोळ्यांनी बघितलेलं लिहिते.

म्युझियम २००२ ला उघडलं, स्केटिंगच्या मैदानाच्या समोरच. आत शिरलं की भिंतभर चित्र, ल्यूसी बॉल धरून आणि चार्ली ब्राऊन पळत येतोय. जवळ गेलं की कळतं की ते सगळं छोट्या छोट्या फरशांचं आहे आणि प्रत्येक फरशीवर एकेक स्ट्रिप, ३,५८८ फरशा. वर एक अख्खी भिंत आणून ठेवलीय, कोलोरॅडोतल्या त्यांच्या पहिल्या घरातली, बाळाच्या खोलीची, १९५१ मध्ये त्यांनी स्वतः रंगवलेली. नंतरच्या लोकांनी त्याच्यावर रंगाचे थर दिले होते, ते हळूहळू खरवडून काढलेत. चार्ली ब्राऊन मेणबत्तीवरून उडी मारतोय आणि स्नूपी चार पायांवर उभा, अगदी सुरुवातीचा, खऱ्या कुत्र्यासारखा. दरवाजाची चौकट तशीच आहे. अबोलीताई, त्या भिंतीपाशी तुमची पोस्ट आठवली, म्हटलं ही खोली दोघांची होती.

स्टुडिओ पण तसाच मांडलाय. चित्र काढायचं टेबल, त्याच्या लाकडावर जिथे हात टेकायचा तिथे गुळगुळीत झिजलंय, आपल्या पाट्यावरचा मधला भाग होतो तसं. त्यांची निब एस्टरब्रुक कंपनीची, ९१४ नंबरची, कंपनी बंद व्हायला लागली तेव्हा होता नव्हता तेवढा साठा विकत घेऊन ठेवला आणि तो शेवटपर्यंत पुरवला.

समोर मैदानाला लागून त्यांचं उपाहारगृह, वॉर्म पपी कॅफे. रोज सकाळी तिथे यायचे, इंग्लिश मफिन आणि द्राक्षाचा जॅम, दाराजवळच्या टेबलावर. कुणीही जाऊन बोलू शकायचं. मैदानावरचं बर्फ सारखं करायची ती मोठी गाडी कधीकधी स्वतः चालवायचे, आणि म्हाताऱ्यांची आइस हॉकी स्पर्धा १९७५ पासून भरवली, स्वतः खेळायचे. दुसरी बायको जीन, मुलीला स्केटिंगला आणायच्या, तिथे ओळख, १९७३ ला लग्न. विमान चालवायच्या त्या! घर सोडायला घाबरणाऱ्या माणसाची बायको वैमानिक.

एक इथल्या लोकांना आठवतं ते. १९८८ मध्ये दोन तोंड झाकलेली माणसं बंदूक घेऊन त्यांच्या घरात शिरली, जीनना पळवायचा बेत असावा, तेवढ्यात मुलगी गाडी घेऊन आली आणि ते पळाले. आणि २०१७ च्या ऑक्टोबरची आग. आमच्याकडे अंगणात राख पडत होती दोन दिवस, कपडे बाहेर वाळत घालता येत नव्हते. त्या रात्री त्यांचं डोंगरावरचं घर पूर्ण जळालं, जीन बाहेर पडल्या, वाचल्या. म्युझियम वाचलं. मूळ चित्रं बहुतेक तिथेच असल्यामुळे राहिली.

रविवारपुरवणी :

निवडुंग, सुंदर. झिजलेल्या टेबलाचं वाचून वाटलं की चरित्राचा मी धरलेला आग्रह जरा जास्तच होता. तरी फोन-बिलाची पट्टी मी परत वाचली आणि आता ती मला आधीपेक्षा जास्त करुण वाटते, एवढं तरी त्या पुस्तकाने दिलं. चार्ली ब्राऊन ओरडतोय स्नूपीवर. दोघंही तेच आहेत. चूक करणारा पण तेच आणि रागावणारा पण तेच.

दौत_टाक :

पुरवणी, हे मला सुचलं नव्हतं. बरोबर.

आता शेवटचं लिहून टाकतो, मग झोपतो. १९८१ मध्ये हृदयाची बायपास झाली, त्यानंतर हात थरथरायला लागला. नव्वदीतल्या स्ट्रिपा बघा, रेघ हलते, गवत हलतं, चार्ली ब्राऊनचं गोल डोकंसुद्धा थोडं हलतं. मदतनीस ठेवता आला असता, पैशाला कमी नव्हती, २,६०० पेपरांत छापून यायचं. अक्षरंसुद्धा दुसऱ्या कुणाला काढू दिली नाहीत. एका हाताने दुसरा हात धरून काढायचे. पन्नास वर्षांत सलग सुट्टी एकदाच, १९९७ मध्ये पंचाहत्तरीला, पाच आठवडे. नोव्हेंबर १९९९ मध्ये पक्षाघात, ऑपरेशन करताना आतड्याचा कॅन्सर सापडला. डिसेंबरात निवृत्ती जाहीर केली. तेव्हाच्या एका मुलाखतीत म्हणाले की सही करताना एकदम मनात आलं, बिचाऱ्या त्या पोराला बॉलला लाथ मारायला कधी मिळालीच नाही. आणि म्हणताना आवाज फुटला त्यांचा. ज्याने पन्नास वर्षं मारू दिली नाही त्याचाच.

शेवटची रविवारची स्ट्रिप १३ फेब्रुवारी २००० ची, निरोपाचं पत्र. ते गेले १२ च्या रात्री, झोपेत. पेपर तोवर छापून झालेले होते, गाड्यांमध्ये चढत होते.

आईने निरोप घेऊन दुसऱ्या दिवशी जाणं आणि यांनी निरोप लिहून छापून यायच्या आदल्या रात्री जाणं. मी याच्यावर काही बोलत नाही, मला बोलता येत नाहीये.

त्यांच्यानंतर कुणी दुसऱ्याने नवीन स्ट्रिप काढायची नाही ही इच्छा घरच्यांनी पाळली. पेपरांत अजून जुन्याच येतात.

अबोली :

दौतदादा, धागा फार चांगला झाला. एक राहिलं, 'पीनट्स' हे नाव सिंडिकेटने लावलं आणि ते त्यांना शेवटपर्यंत आवडलं नाही. लोक विचारायचे काय काढता, तर चार्ली ब्राऊन आणि स्नूपीचं काढतो म्हणायचे, ते नाव तोंडात घ्यायचे नाहीत. मला हे फार जवळचं वाटतं, लग्नात बदललेल्या नावाने आयुष्यभर हाक ऐकणाऱ्या कुठल्याही बाईला वाटेल.

निवडुंगाचे_फूल :

कॅफेतलं ते दाराजवळचं टेबल अजून राखीव ठेवतात, त्यावर पाटी असते. काल मी शेजारच्या टेबलावर बसले होते. एक आजोबा नातीला घेऊन आले, ती त्या रिकाम्या खुर्चीत बसायला गेली, त्यांनी तिला हळूच उचलून दुसरीकडे बसवलं.

कृष्णाकाठचा :

ती फादर्स डेची स्ट्रिप सापडली. काल रात्री वडलांना फोन केला आणि वाचून दाखवली, म्हणजे मराठीत सांगितली, कोण कुठे उभं आहे, काचेतून काय दिसतं ते सगळं. अर्ध्या केसांचं पण सांगितलं. आणि शाळेतलं ते पण सांगून टाकलं, मी त्या दिवशी दुकानात का आलो नव्हतो ते. चाळीस वर्षं झाली त्याला.

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, त्यांच्या दुकानात खुर्च्या किती होत्या. मी म्हटलं तीन. म्हणाले, तीन म्हणजे मग दोन कारागीर ठेवले असणार, मंदीत दोन माणसांचा पगार काढणं सोपं नाही, म्हणून उठवला असेल पोराला.